काजू, पिस्ते आणि माझी पाळी : पार्क स्लोप फूड कोऑप, ब्रुकलिन

लेकीने पहिल्यांदा नेलं तेव्हा दारातल्या टेबलाशी बसलेल्या मुलाने तिचं कार्ड तपासलं आणि माझ्याकडे बघत "पाहुण्या का?" असं विचारलं. पाहुण्याने आत फिरायचं, हवं ते बघायचं, पण स्वतः विकत काही घ्यायचं नाही. साधी कोथिंबिरीची जुडीसुद्धा नाही. मुलुंडच्या मंडईत पस्तीस वर्षं घासाघीस केलेल्या बाईला भाजीच्या ढिगापाशी उभं करून असं सांगायचं म्हणजे जरा अतीच. मी त्याच दिवशी ठरवलं, सभासद व्हायचं.

तर हे परीक्षण एका सहकारी किराणा दुकानाचं ('कोऑप' म्हणजे तेच) आहे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात, प्रॉस्पेक्ट पार्कपासून चालत दहा मिनिटांवर, युनियन स्ट्रीटवर. 1973 साली शेजारपाजारच्या काही तरुण मंडळींनी मिळून घाऊक बाजारातून चांगली भाजी एकत्र आणायला सुरुवात केली. जागा म्हणजे मुंगूस कम्युनिटी सेंटर नावाच्या एका संस्थेची माडी. (नाव खरंच 'मॉन्गूस' होतं. आणि 'मॉन्गूस' हा शब्द इंग्रजीत गेला तो आपल्या 'मुंगूस'वरूनच. हे लेकीला सांगितलं तर म्हणाली, आई, तुला प्रत्येक ठिकाणी नातेवाईक सापडतात.) हळूहळू इमारत विकत घेतली, मग शेजारची घेतली, आणि आज सभासद पंधरा हजारांच्या वर. शाखा मात्र एकही नाही. पन्नास वर्षांत एकच दुकान.

सभासद होणं म्हणजे नुसते पैसे भरणं नव्हे. पैसे तसे फार नाहीतच: 25 डॉलर प्रवेश फी आणि 100 डॉलर अनामत. अनामत सोडून जाताना परत मिळते. सरकारी मदतीवर जगणाऱ्यांना दोन्ही रकमा बऱ्याच कमी. खरी फी म्हणजे काम. दर सहा आठवड्यांनी पावणेतीन तास दुकानात राबायचं. करोनाच्या आधी ते दर चार आठवड्यांनी असायचं. पगार शून्य. कुणी ट्रकमधून खोकी उतरवतं, कुणी फळ्या भरतं, कुणी गल्ल्यावर बसतं, कुणी संडास धुतं. पगारी माणसंही आहेत, पण दुकानातलं पाऊण काम सभासदच उरकतात. म्हणून मालावर चढवायचा भाव कमी राहतो. अनेक वर्षं तो 21 टक्के होता, आता 25च्या आसपास. म्हणजे घाऊकात 4 डॉलरला मिळालेली वस्तू तुम्हाला 5 डॉलरला. शेजारच्या चकचकीत दुकानात तीच वस्तू कितीला आहे हे बघायला मी मुद्दाम जाते. घेत काही नाही. जुनी खोड आहे.

आणि एक कलम: एका घरात राहणाऱ्या सगळ्या प्रौढांनी सभासद व्हायचं. लेक झाली आणि जावई नुसते आयतं खातायत, असं चालत नाही. मी ग्रीन कार्डावर नातीसाठी इथे आले, त्याच घरात राहते, चार पोळ्या त्यांच्याच कणकेच्या खाते, म्हणजे मलाही नियम लागू. जावयांना वाटलं मी नाराज होईन. उलट मला बरंच वाटलं. या देशात आल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी मला माझं काम नेमून दिलं होतं.

आता मला याचं अप्रूप का, ते सांगते. मुलुंडला आम्ही मुंबई ग्राहक पंचायतीच्या संघात होतो. 1975 साली पंचायत सुरू झाली. बिंदुमाधव जोशी तिचे प्रवर्तक, आणि संगीतकार सुधीर फडके संस्थापकांतले एक. ज्या बाबूजींची गाणी रेडिओवर ऐकत आपण तांदूळ निवडायचो, त्या तांदळात खडे का असावेत याचीही त्यांना काळजी होती, ही गोष्ट मला अजून सुंदर वाटते. पंचायतीची रीत सोपी. शेजारची काही घरं मिळून संघ करायचा, महिन्याची यादी भरायची, पैसे आधी द्यायचे. ट्रक येतो, एका घरी माल उतरतो, आणि बायका बसून वाटप करतात. आमच्या संघात चौदा घरं होती. जोंधळे, डाळी, साबण, हिंग, दिवाळीला पणत्या आणि उटणं. वाटपाच्या दिवशी आमच्या दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा नसायची आणि सगळ्यांच्या साड्यांना आठवडाभर मिरचीपुडीचा वास यायचा. एकदा माझ्या हातून पाव किलो जिऱ्याची पुडी जास्त गेली आणि शेवटच्या घराला जिरं उरलंच नाही. त्या घरी मी माझ्या डब्यातलं नेऊन दिलं. तीस वर्षांत हिशोब चुकला तो तेवढाच.

संघाच्या एका शिबिरात रॉचडेलची गोष्ट सांगितली होती. इंग्लंडमधल्या रॉचडेल गावात 1844 साली 28 जणांनी पै पै जमवून दुकान काढलं. त्यांत विणकर बरेच होते. 21 डिसेंबरला टोड लेनवर दार उघडलं तेव्हा आत माल काय? लोणी, साखर, कणीक, ओटचं पीठ आणि थोड्या मेणबत्त्या. बस्स. सुरुवातीला दुकान आठवड्यातून दोनच संध्याकाळी उघडायचं, कारण दुकानदार दिवसा मजुरीला. पिठात खडूची भुकटी मिसळायच्या त्या काळात यांनी ठरवलं होतं, माल शुद्ध द्यायचा, वजन पुरं द्यायचं, उधारी नाही. नफा झाला तर ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात वाटायचा. टोड म्हणजे भेक. भेकगल्लीतल्या त्या दुकानाची पिल्लं मग जगभर झाली. मद्रासच्या ट्रिप्लिकेनमध्ये 1904 साली, आणि आपल्या नायगावात 1948 साली गिरणी कामगारांनी काढलं त्याचं पुढे अपना बाजार झालं. ब्रुकलिनचं हे त्याच कुळातलं. फरक इतकाच की इथे नफा वाटत नाहीत, भावच कमी ठेवतात. माझ्या हिशोबी डोक्याला हे जास्त पटतं. वर्षाअखेरी परत देण्यापेक्षा आधीच घेऊ नका ना.

माझी पाळी तळघरात. 'फूड प्रोसेसिंग' असं भारदस्त नाव आहे, काम म्हणजे पुड्या बांधणं. सुकामेवा, मसाले, चहा, ऑलिव्ह पोत्यांनी, डब्यांनी येतात. त्यांच्या लहान पुड्या करायच्या. चीज कापायचं. पायात बंद बूट हवेत, केस झाकायचे, एप्रन आणि हातमोजे घालायचे. डोक्याला रुमाल बांधून मी पहिल्यांदा आरशात पाहिलं तर थेट वेंगुर्ल्याच्या काजू कारखान्यातली बाई दिसत होते. आणि टेबलावर आले तेही काजूच.

टेबलाभोवती आम्ही पाच जण. एक निवृत्त शाळामास्तरीण, एक बेस गिटार वाजवणारा पोरगा, एक वकीलबाई आणि एक गृहस्थ, जे पावणेतीन तासांत एकही शब्द बोलले नाहीत, पण पुड्या सगळ्यांत सुरेख बांधल्या. पुडी भरायची, काट्यावर ठेवायची, वजनाप्रमाणे किमतीची चिठ्ठी निघते ती चिकटवायची. सगळ्या पुड्या एका वजनाच्या असायलाच हव्यात असं नाही, ज्याचं जितकं वजन तितकी किंमत. मला ते सहन होईना. मी एक एक काजू टाकून, काढून, काटा नेमका आणत बसले. मास्तरीणबाई म्हणाल्या, या गतीने आपण नाताळापर्यंत इथेच.

मग गिटारवाल्याने विचारलं, शेंगदाणे टरफलासकट मिळतात, पिस्ते मिळतात, अक्रोड मिळतात, मग काजू कधीच का नाही? माझा चेहरा काय खुलला असेल! वेंगुर्ल्याला आजोळी सुट्टीत बोंडू वेचलेली बाई मी. म्हटलं, बाळा, काजूचं टरफल दोन पदरांचं असतं आणि त्यामध्ये तेल असतं. ते हाताला लागलं तर कातडी जळते. आमच्या आजीच्या बोटांवर काळे डाग होते ते त्याचेच. म्हणून बी आधी भाजतात किंवा वाफवतात, मग फोडतात. तुमच्या त्या पुडीवर 'रॉ' लिहिलंय ना, तो काजूही खऱ्या अर्थाने कच्चा नसतो. आणि बी फळाच्या आत नसते, फळाखाली बाहेर लोंबते. हे मी हवेत बोटांनी काढून दाखवलं. वकीलबाईंचा विश्वास बसेना. त्यांनी मोजे काढून फोनवर फोटो शोधला, बघितला, आणि मग नवे मोजे घालावे लागले.

पुढचं ऐकून तर मास्तरीणबाईच थांबल्या. आदल्या आठवड्यात त्यांना कुठल्याशा सहलीत पॉयझन आयव्हीची पानं लागून दंडावर पुरळ उठलं होतं. काजू त्याच कुळातला. आंबाही त्याच कुळातला, म्हणून कुणाकुणाला आंब्याचा चीक उततो. पिस्ताही. आणि धोब्याच्या खुणेचा आपला बिब्बाही. म्हणजे त्या दिवशी आमच्या टेबलावर काजू, पिस्ते आणि वाळवलेल्या आंब्याच्या फोडी अशी एका घराण्याची बैठकच भरली होती, आणि वाट चुकलेला एक भाऊबंद बाईंच्या दंडावर. काजू मूळचा ब्राझीलचा, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी गोव्यात आणला, हे सांगितलं तर गिटारवाला म्हणाला, मग तो तुमचा कसा? म्हटलं, चारशे वर्षं आमच्याकडे राहिलाय, पाळ्या कोण मोजतं.

एक चूक माझ्या हातून झाली, ती लपवत नाही. बोलण्याच्या नादात खारवलेल्या काजूंवर मी बिनमिठाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. चोवीस पुड्या. कुणाला पथ्य असेल, रक्तदाब असेल, म्हणून एकही पुडी तशी सोडता येत नाही. सगळ्या चिठ्ठ्या सोलून परत केल्या. न बोलणाऱ्या गृहस्थांनी निम्म्या गुपचूप ओढून घेतल्या.

चीजच्या पाळीला वेगळीच गंमत. पार्मेजानोचं अख्खं चाक मी पहिल्यांदा तिथे पाहिलं. साधारण चाळीस किलोचं, आपल्या जात्याच्या तळीएवढं, आणि त्याच्या कडेवर टिंबाटिंबांनी सगळीकडे नाव कोरलेलं, म्हणजे कुठूनही तुकडा कापा, तो खरा असल्याची खूण त्याच्यावर राहते. निदान बारा महिने मुरल्याशिवाय ते विकायला काढत नाहीत. आपण लोणचं मुरायला ठेवतो तेव्हा घरात किती वेळा बरणी उघडली जाते ते आठवा. चेडर मात्र नारिंगी का असतं, हा प्रश्न मला पहिल्या दिवसापासून होता. दूध पांढरं, चीज नारिंगी? डब्यावर वाचलं, रंग ॲनाटोचा. फोटो पाहिला आणि उडालेच. ती आपली शेंदरी! आजोळच्या विहिरीपाशी झाड होतं, काटेरी मऊ बोंडं, आत लाल बिया, त्या चुरडून आम्ही पोरी कपाळाला लावायचो आणि मार खायचो. इंग्लंडच्या गवळ्यांनी उन्हाळ्यातल्या सकस दुधाचं चीज पिवळसर दिसतं म्हणून बाकीच्या वेळी रंग घालायला सुरुवात केली, तो रंग हा. रॉचडेलवाले भेसळीला कंटाळून दुकान काढतात आणि शेजारच्याच गोठ्यात शेंदरी चालू असते, असो.

वरच्या मजल्यावर भाजी उत्तम. ओली हळद मिळते, आलं मिळतं, पालेभाज्यांची तर नावंही मला पाठ झालेली नाहीत. वसंतात नेच्याचे गुंडाळलेले कोंब येतात, व्हायोलिनच्या टोकासारखे दिसतात. ते नीट उकडल्याशिवाय खायचे नसतात, पोट बिघडतं. मी म्हटलं, हे तर आमच्या शेवळांचंच नातलग स्वभावाने. शेवळात काकडं घातली नाहीत तर घसा खाजतो, इथे उकळी दिली नाही तर पोट. उकडून, पाणी टाकून, लसूण-मिरचीची फोडणी आणि वर खोबरं. जावयांनी दोनदा घेतली. मेथी, कढीपत्ता वगैरेसाठी मात्र मी अजून क्वीन्समधल्या जॅक्सन हाइट्सलाच जाते. ज्वारीचं पीठही तिकडूनच. या दुकानाकडून सगळ्याचीच अपेक्षा ठेवू नये.

एक प्रकार मला फार आवडतो. ठिकठिकाणी फोन आहेत, कुणीही सभासद उचलून सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असा प्रश्न विचारू शकतो. "ताहिनी कुठे आहे?" कुणीतरी दुसरीकडून उत्तर देतं, "तिसऱ्या ओळीत, खालच्या फळीवर." एकदा प्रश्न आला, "हिंग म्हणजे काय आणि तो असा वास का मारतो?" मी आयुष्यात माईकवर बोललेली नाही, सोसायटीच्या सत्यनारायणालाही नाही. पण फोन उचलला आणि सांगितलं, तो एका झाडाच्या मुळाचा चीक असतो, कच्चा वास घ्यायचा नाही, गरम तेलात चिमूटभर टाका आणि मग बोला. क्षणभर शांतता. मग दुरून कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

सामान जड असेल तर नारिंगी जाकीट घातलेला सभासद तुमच्याबरोबर चालत येतो आणि रिकामी गाडी परत घेऊन जातो. तीही एक पाळीच. लेकीने ती घेतली आहे. म्हणते, आई, अनोळखी माणसाबरोबर दहा मिनिटं चालायचं आणि मग पुन्हा कधी भेटायचं नाही, यात लोक काय काय सांगतात.

आता दुसरी बाजू. भांडणं पुष्कळ. दुकानाचं स्वतःचं वार्तापत्र आहे, नाव 'लाइनवेटर्स गॅझेट', म्हणजे रांगेत उभं राहणाऱ्यांनी वाचायचं. नावातच सगळं आलं. दर महिन्याला सर्वसाधारण सभा होते आणि तिथे कोणत्याही गोष्टीवर वाद होऊ शकतो. 2008 साली बाटलीबंद पाणी विकणं बंद झालं. 2012 साली इस्रायली मालावर बहिष्कार घालावा का यावर सार्वमत घ्यावं की नाही यासाठी एका शाळेचं मोठं सभागृह घ्यावं लागलं, 1,005 विरुद्ध 653 मतांनी नको असं ठरलं. नुसतं मत घ्यायचं की नाही यावर सोळाशे माणसं! 2011 मध्ये तर काही श्रीमंत घरांतून पाळीवर स्वतःऐवजी मुलं सांभाळणाऱ्या बायांना पाठवतात, ही बातमी वर्तमानपत्रात गाजली. मला अजिबात आश्चर्य वाटलं नाही. वाटपाला मोलकरणीला पाठवणारी एक बाई आमच्या संघातही होती. तिला आम्ही बडीशेपेची निवडणी द्यायचो.

घरातल्या एकाने काम चुकवलं तर सगळ्या घराची खरेदी अडते, हा नियम मला कडक वाटतो. सरसकट वाईट म्हणणार नाही, त्यामुळेच पंधरा हजार माणसं वेळेवर येतात. पण रात्रपाळीची नर्स किंवा दोन नोकऱ्या करणारा माणूस, ज्याला स्वस्त भाजी सगळ्यांत जास्त हवी, त्याच्याकडे हे पावणेतीन तास सगळ्यांत कमी असतात. पंचायतीच्या संघात आम्ही शेजारणी एकमेकींचं काम उचलायचो आणि कुठे नोंदही नसायची. पण मग चौदा घरांचा आणि पंधरा हजारांचा हिशोब एका वहीत मांडता येत नाही, हेही खरं. पॅरिसमध्ये 2016 साली 'ला लूव्ह' नावाचं असंच दुकान याच पद्धतीवर निघालं, म्हणजे गोऱ्यांच्या देशांत तरी हे रुजतंय.

ज्यांना ब्रुकलिनमध्ये राहायचं आहे, घरी स्वयंपाक करायचा आहे आणि सांगितलेलं काम मुकाट करायला कमीपणा वाटत नाही, त्यांनी व्हा सभासद. आधी माहितीचा वर्ग करावा लागतो. पिशव्या घरून न्या. तळघराची पाळी घेणार असाल तर चपला घालून जाऊ नका. आठवड्याला फक्त दूध-ब्रेड घेणाऱ्यांनी या फंदात पडू नये, पाळीचे तास भावातून वसूल होणार नाहीत. सहा महिन्यांचे पाहुणे असाल तर लेकीबरोबर जाऊन भाजीचा वास घेऊन या.

परवा नातीला घेऊन गेले. काजूच्या फळीपाशी थांबून मी माझी पुडी ओळखली. टोक दोनदा दुमडायची सवय माझीच, संघातली. तिला म्हटलं, ही बघ, ही आजीने बांधली. तिने ती हातात घेतली, शेजारची दुसरी उचलली, दोन्ही तोलून पाहिल्या आणि माझी परत ठेवली.

"हिच्यात जास्त आहेत," म्हणाली.